गल्लीतला गुन्हा आणि आपले मौन

बदलीचा हुकूम हाती पडला की मराठी अधिकाऱ्याच्या घरी पुस्तकांची जी वाटणी होई, ती गेल्या पिढीपर्यंत मोठी पाहण्यासारखी असे. ज्ञानेश्वरी, दासबोध, खांडेकर, फडके आणि निवडक दिवाळी अंक लाकडी पेटीत बंद होत. झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू रद्दीवाल्याच्या तराजूत जात. वाचून वाचून पाने सुटलेली असत ती या दुसऱ्या ढिगातली. परंतु नव्या गावच्या दिवाणखान्यात मांडायची असत ती पहिल्या पेटीतली. रद्दीचे पैसे मोजून घेताना आपण कोणाला घराबाहेर काढीत आहोत, याचा विचार कोणी केल्याचे मला स्मरत नाही. माझ्या घरीही तो झाला नाही, हे कबूल केले पाहिजे.

माझे भांडण या वाटणीशी आहे. मराठीत गुन्ह्याची कथा उदंड आहे आणि वस्तीची कथाही उत्तम आहे. परंतु वस्तीच्या पोटातून निघालेली गुन्ह्याची कथा आपण जवळजवळ लिहिलीच नाही. आणि ती लिहिण्यास ज्याच्याइतका लायक दुसरा कोणी नाही, तो परप्रांतात नोकरीनिमित्त आयुष्य काढलेला मराठी अधिकारीच सर्वांत अधिक मूग गिळून बसला आहे. या मौनाला आपण सभ्यता म्हणतो. मी त्याला भित्रेपणा म्हणतो, आणि का म्हणतो ते सांगतो.

ज्या कथेविषयी मी बोलतो आहे तिला पाश्चात्त्य जग 'न्वार', म्हणजे काळी, म्हणते. १९४५ साली पॅरिसच्या गालिमार या प्रतिष्ठित प्रकाशनसंस्थेने मार्सेल द्युआमेल यांच्या संपादनाखाली गुन्हेकथांची 'सेरी न्वार' ही माला सुरू केली आणि तेथून हे नाव रूढ झाले. कथा मात्र जन्मली होती अमेरिकेत, आणि तिच्या जन्माची हकिकत आपल्या वाङ्मयीन मासिकांच्या संपादकांनी भिंतीवर लावून ठेवण्याजोगी आहे. एच. एल. मेन्केन आणि जॉर्ज जीन नेथन हे दोघे 'स्मार्ट सेट' नावाचे उच्चभ्रू वाङ्मयीन मासिक चालवीत. ते तोट्यात होते. तो तोटा भरून काढण्यासाठी १९२० साली त्यांनी 'ब्लॅक मास्क' हे स्वस्त कागदावरचे मासिक काढले आणि काही महिन्यांतच, नाक मुरडीत, ते विकूनही टाकले. पुढे त्याच मासिकात डॅशिएल हॅमेट लिहू लागला. तो स्वतः पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत चाकरी करून आलेला होता. त्याच्या मागून रेमंड चँडलर आला. तेलकंपनीतला हा मोठा अधिकारी १९३२ मध्ये नोकरी गमावून बसला आणि १९३३ मध्ये 'ब्लॅक मास्क'मध्ये त्याची पहिली गुन्हेकथा छापून आली. आज 'स्मार्ट सेट' संशोधकांपुरते उरले आहे. हॅमेट आणि चँडलर यांची पुस्तके मात्र अजून निघत आहेत. रद्दीच्या तराजूची ही गोष्ट आहे.

या दोघांनी केले काय? १९४४ च्या एका निबंधात चँडलरने हॅमेटचे श्रेय सांगितले आहे. त्याचा आशय असा की, बंगल्यातील चहापानाच्या वेळी होणारा आणि कोड्यासारखा सुटणारा खून हॅमेटने, ज्या लोकांना खून करण्याचे खरोखर कारण असते त्यांच्या हाती परत दिला. खुनी कोण, हा प्रश्न गौण झाला. ज्या शहरात हा खून शक्य झाला ते शहर कसे आहे, तेथला फौजदार, नगरपालिकेचा सभासद, जमिनीचा दलाल आणि वर्तमानपत्राचा मालक यांचे एकमेकांशी काय लागेबांधे आहेत, हा प्रश्न मुख्य झाला. जुन्या रहस्यकथेत गुन्हेगार सापडला की जग पूर्ववत होते. काळ्या कथेत तो सापडतो आणि जग पूर्ववतच होते, हीच तिची भीती!

२००४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन उपनगरावर अशा कथांचा एक संग्रह निघाला. प्रत्येक कथा एका ठरावीक मोहल्ल्याची, अशी त्याची योजना होती. ती इतकी चालली की जगातील अनेक शहरांचे असे संग्रह निघाले; २००९ मध्ये दिल्लीचा आणि २०१२ मध्ये मुंबईचाही निघाला. मुंबईचा संग्रह अल्ताफ टायरवाला यांनी संपादित केला. तो इंग्रजीत आहे. मुंबईच्या गल्ल्यांचा काळोख जगापुढे मांडला गेला तो इंग्रजीतून, आणि आम्ही मराठी माणसे, मुंबई कोणाची यासाठी १९५६ ते १९६० रस्त्यावर उतरलेली, त्या ग्रंथाचे परीक्षण वाचून समाधान पावलो. या संग्रहांतील सर्वच कथांना मी मान डोलावतो असे नाही. पुष्कळ ठिकाणी मोहल्ल्याचे नाव हे पाटी रंगवून लावल्यासारखे वाटते. पाटी काढली तर तीच कथा दुसऱ्या शहरात बिनदिक्कत राहायला जाईल. पण योजना योग्य होती. गुन्ह्याला पत्ता असला पाहिजे.

मंटोला हे कोणी शिकवावे लागले नाही. १९३६ नंतरची बारा वर्षे, मधला थोडा काळ सोडल्यास, तो मुंबईत होता. त्याची 'ममद भाई' ही कथा अरब गल्ली आणि फोरास रोड यांच्या परिसरातील दादाची आहे. या दादाचा सारा दरारा त्याच्या मिशांत आहे. खुनाच्या आरोपात न्यायालयापुढे उभे राहताना मिशा पाहून मॅजिस्ट्रेटचे मत वाईट होईल, म्हणून तो त्या उतरवतो. आणि तरीही तडीपार होतोच. त्याला दुःख शहर सुटल्याचे तेवढे नाही, जेवढे मिशा गेल्याचे. ज्यांनी तडीपारीचे हुकूम स्वतःच्या सहीने काढले आहेत, असे वाचक या मासिकाला निश्चित आहेत. त्यांपैकी किती जणांनी हुकूम लिहिताना समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे एवढे निरखून पाहिले होते?

आता मराठीकडे पाहू. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; गुरुनाथ नाईकांनी त्यांच्याशी बरोबरी केली; सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास उभे केले. या लेखकांची टवाळी करणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. कोकणात, खानदेशात, गिरणगावात दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली ती यांनी, आणि त्या ऋणाचा उल्लेख वाङ्मयाच्या इतिहासांत एखाद्या ओळीत उरकला जातो, हा कृतघ्नपणा आहे. परंतु ऋण मानूनही सांगावे लागते की, काळापहाडाची मुंबई ही खरी मुंबई नव्हे. तेथले तळघर, तेथली काळी मोटार, तेथला बुरखाधारी हे बरेचसे लंडनहून आलेले सामान. गिरगावात उतरवून घेतलेले. काळापहाड दुष्टाला लुटतो, पोलीस अधिकारी हात चोळीत राहतो, वाचक सुखाने झोपतो. त्याच्या झोपेला धक्का लागावा, ही त्या कथेची प्रतिज्ञाच नव्हती.

दुसऱ्या बाजूला १९६३ साली बाबूराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' आला, त्याच साली जयवंत दळवींचे 'चक्र' आले, १९६५ साली भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' आला. येथे वस्ती होती, सुरा होता, पोलीस होता, भूक होती. म्हणजे काळ्या कथेची सर्व सामग्री याच दोन-तीन वर्षांत मराठीच्या दारात येऊन उभी राहिली होती. आपण काय केले? 'वासूनाका'वर अश्लीलतेचा गिल्ला झाला. आचार्य अत्र्यांसारख्या शब्दप्रभूनेही त्यावर शस्त्र उपसले. बागूलांना आपण 'दलित साहित्य' या कप्प्यात आदराने बसवले आणि कप्प्याचे दार लावून घेतले. अर्नाळकरांच्या वाचकाला पाध्ये कोणी दाखवले नाहीत, पाध्यांच्या वाचकाला गुन्ह्याच्या गुंफणीचे वावडे. आणि दोन्ही प्रवाह ज्या ठिकाणी मिळावयाचे ते ठिकाण कोरडे राहिले.

येथवर मुंबईचे झाले. आता माझ्या गल्लीत येतो, कारण पत्ता मागणाऱ्याने स्वतःचा पत्ता द्यावा. मी जबलपूरच्या गोरखपुरात राहतो. उत्तर प्रदेशातले मोठे गोरखपूर वेगळे. हे जबलपूर शहरातील एक मोहल्ला आहे. येथून रस्ता ग्वारीघाटाकडे, नर्मदेकडे जातो. जवळच हाऊबागचे स्थानक; गोंदियाकडे जाणारी अरुंद लोहमार्गावरची गाडी येथूनच जात असे, ती २०१५ मध्ये बंद झाली. फाळणीनंतर या शहरात आलेली पंजाबी-सिंधी कुटुंबे, १९०४ सालच्या गन कॅरेज फॅक्टरीपासून वाढत गेलेल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांतील बंगाली आणि तमिळ कामगार, छावणीतून निवृत्त झालेले सुभेदार, आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतर नागपूरचे उच्च न्यायालय येथे आले तेव्हा त्याच्या दप्तराबरोबर आलेले आपले लोक, अशी या शहराची मिसळ आहे. आपण त्यात साठ-सत्तर वर्षे आहोत. गणेशोत्सव आपण केला, नाट्यस्पर्धा आपण केल्या. शेजारच्या घरात काय घडते, ते मात्र आपण लिहिले नाही.

आणि हे शहर कोणते? गुन्ह्याच्या लिखित इतिहासातील जगप्रसिद्ध शहर! विल्यम स्लीमन याच शहरी राहून ठगांच्या मागे लागला. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या त्याने येथे जमवल्या. १८३६ साली ठगांच्या सांकेतिक भाषेचा कोश 'रामसीआना' त्याने कलकत्त्यास छापला. शरण आलेल्या ठगांसाठी येथेच कारखाना काढून त्यांना तंबू आणि सतरंज्या विणायला बसवले. त्या जबान्यांनी उठलेल्या कुतूहलावर १८३९ मध्ये फिलिप मेडोज टेलरची 'ठगाची जबानी' ही कादंबरी विलायतेत गाजली. टेलर कोण? निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी. म्हणजे हिंदुस्थानातील गुन्ह्याची पहिली गाजलेली कादंबरी परमुलखात बदलीवर असलेल्या एका अधिकाऱ्याने, सरकारी दप्तराच्या आधाराने लिहिली. अधिकाऱ्याला वेळ नसतो, ही सबब यापुढे कोणी मला सांगू नये.

मात्र याच ठिकाणी एक खड्डा आहे आणि तो दाखवल्यावाचून मी पुढे गेलो तर माझा युक्तिवाद अप्रामाणिक ठरेल. स्लीमनने गुन्हा पाहिला तो कचेरीच्या खिडकीतून. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीशी संबंध एवढेच सिद्ध झाले तरी जन्मभर कैद देता येई. विशिष्ट खून शाबीत व्हावा लागत नसे. याच विचाराची वाट पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याकडे गेली आणि त्याने पोटातल्या मुलालाही जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. 'जरायमपेशा' हा शब्द आपल्या तोंडातून गेलेला नाही. अधिकाऱ्याने गुन्हेकथा लिहावी म्हणजे त्याने ठाण्याची डायरी अलंकारिक मराठीत उतरावी, असा माझा आग्रह मुळीच नाही. तसे झाले तर अर्नाळकर बरे! दप्तराने माहिती मिळते. परंतु लिहिताना खुर्ची सोडून खिडकीच्या पलीकडे जावे लागते, आणि तेथून पाहिले की खुर्चीवर बसलेला माणूस प्रथमच नीट दिसतो. आपल्याला नेमके तेच नको आहे. आपले मौन गुन्हेगाराच्या भयाने नाही. कथेत आपण सापडू, या भयाने आहे.

उदाहरण घेऊ, काल्पनिक आहे, हे आधीच सांगतो. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपुरास भूकंप झाला. माणसे दगावली, घरे पडली, असंख्य भिंतींना तडे गेले. असा प्रसंग आला की नुकसानीच्या याद्या होतात, हे या वाचकांना सांगायला नको. समजा, एका यादीत गोरखपुरातील एका घरमालकाचे नाव आहे आणि तो गृहस्थ भूकंपाच्या तीन वर्षे आधीच वारलेला आहे. मदतीच्या पावतीवर अंगठा आहे. अंगठा कोणाचा? यादी पडताळणारा लेखनिक मराठी आहे. सज्जन, एकादशी करणारा, मुलीचे लग्न ठरलेले. वरच्या साहेबांनी सांगितले, "जोशी, तपशिलात शिरू नका." जोशी शिरत नाहीत. त्या घरात एक जुना भाडेकरू आहे, त्याला मालकाच्या मरणाची तिथी ठाऊक आहे आणि घर रिकामे व्हावे अशी कोणाची तरी इच्छा आहे. एके सकाळी तो हाऊबागच्या रुळांवर सापडतो. ठाण्यात मर्ग कायम होतो, पंचनाम्यात 'अपघाती' हा शब्द पडतो, पंच म्हणून दोघे हजर. त्यांपैकी एकाला मराठी येते.

भाडेकरूला ढकलले कोणी, हे पहिल्याच पानावर सांगून टाकले तरी या कथेचे काही बिघडणार नाही. ती वाचकाला धरून ठेवील ती जोश्यांच्या सहीमुळे. त्या सहीची शाई, तिचा दिवस, त्या दिवशी डब्यात काय होते, घरी आल्यावर सौभाग्यवतींनी काही विचारले की नाही, आणि लग्नात साहेबांनी आहेर कोणता दिला, या तपशिलांत तिचे सारे रहस्य आहे. हे तपशील लंडनहून आणता येत नाहीत. ते ज्याला ठाऊक आहेत तो हे मासिक वाचतो आहे.

कोणी म्हणेल, हे मराठीचे क्षेत्र नव्हे, तेथील लोकांनी हिंदीत लिहावे. त्यांनी लिहिले आहे. हरिशंकर परसाई याच शहरात, नेपिअर टाऊनमध्ये, राहत. त्यांची 'इन्स्पेक्टर मातादीन चाँद पर' ही कथा विनोदी म्हणून वाचली जाते. मला ती हसवीत नाही. चंद्रावर गेलेला आपला पोलीस इन्स्पेक्टर जखमीला इस्पितळात पोहोचवणाऱ्यालाच खुनी ठरवतो, खटला उभा करतो, शिक्षा मिळवतो. आणि परिणामी चंद्रावर कोणी कोणाला मदत करीनासे होते. याहून काळी कथा कोणती? आणि गजानन माधव मुक्तिबोध? मातृभाषा मराठी, बंधू शरच्चंद्र मराठीचे मान्यवर कवी. चाळिसाच्या दशकात मुक्तिबोधही काही काळ याच शहरात होते. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'अंधेरे में' या दीर्घ कवितेत मध्यरात्री शहरातून एक मिरवणूक निघते. त्या मिरवणुकीत सेनाधिकारी, पत्रकार, कवी, विद्वान आहेत आणि त्यांच्याच रांगेत शहराचा कुप्रसिद्ध खुनी डोमाजी उस्ताद आहे. पाहणाऱ्याने त्यांना पाहिले, हाच त्याचा अपराध ठरतो. डोमाजी हे नाव कोणत्या मुलखाचे, हे नागपूरकरांना विचारा! काळ्या शहराची एवढी मोठी कविता एका मराठी घरातल्या माणसाने लिहिली आणि ती हिंदीत लिहिली, याचा आपण अभिमान मिरवतो. मला त्यात आपल्यावरचा आरोप दिसतो. मराठीत तिला जागा कोणी दिली असती?

फेब्रुवारी १९६१ मध्ये याच जबलपुरात भीषण दंगल झाली. एका तरुणीच्या आत्महत्येपासून भडका उडाला. विडीच्या धंद्यातील चुरस आणि वर्तमानपत्रांची भडक मजकूरबाजी यांचीही चर्चा तेव्हा झाली. पंडित नेहरू हादरले. त्या दिवसांत आपली मराठी कुटुंबे येथेच होती, कचेऱ्यांत, न्यायालयांत, कारखान्यांत होती. त्या दिवसांवरची एक मराठी कथा मला कोणी दाखवावी.

राहिले नेहमीचे आक्षेप. गुन्हेकथेने तरुण बिघडतात, हा आक्षेप इतका जुना आहे की, त्याने बिघडलेले तरुण निवृत्तिवेतन घेऊन गेले. सरकारी नोकराला लिहिता येत नाही, हा दुसरा. केंद्रीय नोकरांपुरते तरी १९६४ च्या आचरण नियमांत निव्वळ वाङ्मयीन लेखनाला पूर्वपरवानगीची अट नाही. गोपनीय कागद उघड करू नये एवढेच बंधन, आणि ते योग्यच आहे. कथेला कागद लागत नाही, कागदावर सही करताना हाताला काय वाटले ते लागते. तिसरा आक्षेप विद्वानांचा: अशा कथेत भाषा हीन होते. ज्यांना असे वाटते त्यांनी एखादा जुना पंचनामा काढून वाचावा. "प्रेताचे डोळे अर्धे उघडे, मुठीत माती" यासारखे वाक्य लिहिणाऱ्या हवालदाराला गद्याचा जो काटेकोरपणा साधतो, तो आपल्या ललित निबंधकारांना क्वचित साधतो. (जाता जाता: १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता लागू होऊन खुनाचे कलम ३०२ चे १०३ झाले. 'तीनशे दोन' या शब्दाभोवती दीडशे वर्षे साठलेला थरार एका तारखेत पुसला गेला. आपल्या कथालेखकांनी निदान एवढी तरी दखल घ्यावी.)

संपादकांपुढे माझी सूचना साधी आहे. वर्षातून एका अंकाची वीस पाने अशा कथांसाठी राखावीत. भोपाळ, इंदूर, हैदराबाद, बडोदे, दिल्ली, जेथे जेथे आपले वाचक आहेत तेथील एकेका मोहल्ल्याची एक कथा मागवावी. नावे टोपण चालतील. निवृत्तांनी खऱ्या नावाने लिहिल्यास उत्तम. माणसांची नावे जरूर बदलावीत. मोहल्ल्याचे नाव बदललेले किंवा 'अमुक शहर' असे मोघम लिहिलेले हस्तलिखित मात्र न वाचता परत करावे. भूकंपाच्या यादीची कथा मी स्वतः लिहावयास घेतली आहे आणि पावसाळ्यापूर्वी पाठवीन. ती नापसंत पडली तर परत यावी. पण सोबत कारण यावे, आणि ते कारण "आपल्या वाचकवर्गाच्या अभिरुचीस अनुरूप नाही" हे नसावे.